चाकं मोठी, बसणाऱ्याचे हाल

मा. संपादक,

पाऊस ओसरला की नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या स्पोर्ट्स कारना मोठी अलॉय चाकं (मिश्रधातूची चाकं) बसवण्याची हौस वाढते. अंबडला माझं व्हील अलाइनमेंटचं काम आहे, म्हणून कळकळीने लिहितो.

१७ इंची चाकाचा २२५/४५ टायर घ्या, म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर आणि बाजूची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के. त्याच्या बाजूची उंची साधारण १०१ मिलिमीटर. त्याच गाडीला १९ इंची चाक आणि २२५/३५ टायर लावला की ती ७९ वर येते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, कमी होतं ते धक्का सोसणारं रबर. मग खड्ड्यात रिमची कड वाकते, टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा येतो. असा टायर पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो.

त्यात गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापून देणारेही आहेत. हे तर थांबलंच पाहिजे. शॉकअप (धक्का शोषणारा दांडा) जुनाच, त्याला वर-खाली व्हायला जागा उरत नाही. तो बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, आपटतो आणि दणका थेट कमरेत. कसारा घाटात वळणावर खड्डा आला तर चाक क्षणभर रस्ता सोडतं. म्हणजे ज्या पकडीसाठी एवढा खटाटोप, तीच जाते.

नवी गाडी घेताना कंपनीचा लहान चाकाचा पर्याय आवर्जून मागा. पैसे घालायचेच तर अ‍ॅडॅप्टिव्ह सस्पेन्शनवर घाला. त्यात शॉकअपचा कडकपणा बदलता येतो, नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत मऊ, महामार्गावर घट्ट.

– एक व्हील अलाइनमेंट व्यावसायिक, अंबड, नाशिक