टेलि-कन्सल्टेशनच्या सक्तीमुळे ओपीडी लाभ अडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग, मुंबई

संदर्भ : निवृत्त कर्मचाऱ्यांची समूह आरोग्य पॉलिसी, ओपीडी लाभ

महोदय,

यंदाच्या नूतनीकरणापासून आपण अट घातली आहे की सभासदाने आधी आपल्या ॲपवरून डॉक्टरांशी बोलायचे आणि त्यांनी शिफारस केली तरच नेटवर्कमधल्या दवाखान्याची किंवा लॅबची पूर्वपरवानगी मिळेल. फोनवरच्या सल्ल्याला आमचा विरोध नाही. नुसता रिपोर्ट दाखवायला गुडघेदुखीच्या माणसाला मुलुंडहून दादर गाठावे लागू नये, ही सोयच आहे. आपण त्या सोयीचा टोलनाका केला आहे, आणि नाका म्हणजे काय हे मुलुंडकरांना समजावून सांगावे लागत नाही.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या सल्ल्यात त्या तत्त्वांतल्या ‘अ’ यादीतील औषधे व्हिडिओवर रुग्णाला पाहूनच लिहिता येतात. नुसत्या आवाजावर उरतात ती ‘ओ’ यादीतली : पॅरासिटामॉल, ओआरएस, खोकल्याच्या गोळ्या, कॅल्शियम वगैरे. आपल्या ॲपवरून मात्र साधा कॉलच येतो. त्यामुळे अंगावर बुरशीचा चट्टा उठलेल्या माणसाला क्लोट्रिमॅझोलचे मलमही मिळत नाही. डॉक्टर नियमाला धरून ‘प्रत्यक्ष दाखवा’ म्हणतात, पण कॉल संपताच त्याचे तिकीट (ॲपवरची नोंद) ‘निराकरण झाले’ म्हणून बंद होते आणि पूर्वपरवानगी काही उघडत नाही. मग नवे तिकीट, नवा कॉल.

याहून गंभीर बाब म्हणजे दर कॉलला डॉक्टर बदलतो. त्याच डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्यापासून ६ महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी झालेल्या सल्ल्यालाच फेरसल्ला म्हणतात. डॉक्टर बदलला की सगळे पहिल्यापासून. मधुमेहाचे मेटफॉर्मिन चालू असूनही साखर आटोक्यात येत नसेल तर सिटाग्लिप्टिन जोडणे, रक्तदाबाच्या ॲटेनोलॉलच्या जोडीला थायझाइड देणे, ही ‘ब’ यादीतली कामे फेरसल्ल्यातच करता येतात. आपल्या रचनेत फेरसल्ला घडतच नाही. वास्तविक टेलिहेल्थचा मोठा उपयोग मधुमेह आणि रक्तदाबाला. त्यात तपासणी कमी आणि आकडे पाहून डोस बदलणे जास्त. इथे एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) दर ३ महिन्यांनी केली तरी ती वाचून औषध बदलणारे कोणी नाही, जुनाच डोस पुढे चालू राहतो. साखर बिघडून माणूस दाखल झाला की ते बिल आपल्याच खात्यातून जाणार, एवढे तरी आपल्या हिशेबनीसांनी पाहावे.

रक्तदाबासाठी ॲपमध्ये एकच रकाना आहे. ५ मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून, मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी घ्यायच्या असतात. दुसरी लिहायची कुठे?

प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. आपल्या पीडीएफवर फक्त नाव आणि कंपनीचा लोगो असतो. केमिस्ट ते परत करतो, आणि त्याचे बरोबरच आहे. कोणी औषध दिलेच, तर आपला दावे विभाग ‘सही-शिक्क्याची मूळ कागदी चिठ्ठी जोडा’ म्हणून बिल नाकारतो. सल्ला फोनवर घ्या म्हणणारेही आपणच आणि कागद मागणारेही आपणच! पॉलिसीत डॉक्टरांचा सल्ला मान्य असेल तिथे टेलिमेडिसिनही मान्य करा, असे विमा नियामक आयआरडीएआयने जून २०२० मध्येच सांगितले आहे. आणि टेलिमेडिसिनचे प्रिस्क्रिप्शन सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन याच रूपात येते. शिवाय ॲप ते न विचारता आपल्या भागीदार ऑनलाइन फार्मसीकडे पाठवते. थेट पाठवायचे तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते, आणि दुकान निवडायचा हक्क त्याचाच राहतो.

चॅटबॉटबद्दल थोडक्यात. छातीत दुखते असे लिहिले की तो अँटासिड सुचवतो. सल्ला देणे किंवा औषध सुचवणे यंत्राला मनाई आहे. अशा लक्षणांवर पहिला संदेश १०८ रुग्णवाहिकेचा हवा, आणि हा बदल उत्तराची वाट न पाहता आजच करावा.

बाकीच्या मागण्या अशा. पहिला सल्ला व्हिडिओवर द्यावा. रेंज नसल्यास, किंवा डॉक्टरांनी ‘प्रत्यक्ष दाखवा’ म्हटल्यास, पूर्वपरवानगी आपोआप खुली व्हावी. नेटवर्कमधल्या ज्या डॉक्टरांनी सभासदाला तपासले त्यांच्याकडेच पुढचे कॉल जावेत. पीडीएफवर नोंदणी क्रमांक, सही आणि तारीख यावी, आणि केवळ कागदी चिठ्ठी नाही म्हणून नाकारलेले दावे सभासदाला पुन्हा अर्ज करायला न लावता फेरतपासावेत.

लेखी उत्तर १४ दिवसांत अपेक्षित आहे. न आल्यास आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवू, आणि त्यानेही न भागल्यास मुंबईच्या विमा लोकपालांकडे जाऊ.

आपले,
आरोग्य समिती सदस्य, निवृत्त कर्मचारी गट
मुलुंड (पूर्व), मुंबई ४०००८१

सोबत : बंद केलेल्या तिकिटांचे स्क्रीनशॉट, नोंदणी क्रमांक नसलेल्या प्रिस्क्रिप्शनच्या प्रती, दावे नाकारल्याची पत्रे (सर्व संबंधित सभासदांच्या लेखी संमतीने)