बांबू उडीलाही वस्ताद हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बांबू उडीत, म्हणजे पोल व्हॉल्टमध्ये, स्वीडनच्या डुप्लांटिसने विक्रम केला की क्रीडा पानावर फोटो येतो. त्याचे वडील ग्रेग हे स्वतः ५.८० मीटर उडी मारलेले खेळाडू आणि त्याचे प्रशिक्षक, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. मैदान सोडल्यावर खेळाडू पुढे काय करतो, याची दखल आपण फारशी घेत नाही.

अमेरिकेच्या बांबू उडीपटू अर्ल बेलचेच बघा. १९७६ मध्ये त्याने ५.६७ मीटरचा विश्वविक्रम केला. तो महिनाभरही टिकला नाही. तरी गडी थांबला नाही. १९८४ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ, १९८८ ला सेऊलमध्ये चौथा. नंतर आर्कान्सातल्या आपल्या जोन्सबरो गावी त्याने पोल व्हॉल्टचे केंद्र उभे केले. त्याचा शिष्य जेफ हार्टविग २००० मध्ये त्याच गावात ६.०३ मीटर उडाला आणि चाळिशीत बीजिंग ऑलिम्पिकलाही गेला. मला बेलच्या विश्वविक्रमापेक्षा हे काम मोठे वाटते.

कारण हा खेळ पुस्तकात वाचून येत नाही. फायबरची काठी वजनाप्रमाणे निवडावी लागते. मूल वाढले, धाव वाढली की काठी बदलावी लागते. काठी जमिनीतल्या खोलगट पेटीत टेकवताना वरचा हात जरा उशिरा गेला की सगळा वेग वाया जातो, आणि ती चूक उडणाऱ्याला स्वतःला कळत नाही. ती ओळखायला स्वतः उडलेला माणूस लागतो. मी क्रीडाशिक्षक असताना आमच्या मुली पेरं तासलेल्या, चिंध्या गुंडाळलेल्या बांबूवर सराव करायच्या आणि उसाचा पाला भरलेल्या पोत्यांवर पडायच्या. धाडस भरपूर होते. हात धरून शिकवणारे कोणी नव्हते.

कोल्हापूरकरांना हे पटवून द्यायला नको. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर कुस्ती थांबल्यावर वस्ताद झाले आणि मोतीबाग तालमीत पिढ्या घडल्या. आपल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे याच्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या ब्राँझमागेही त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे आहेत, अथेन्स ऑलिम्पिक खेळलेल्या नेमबाज. मग ॲथलेटिक्सच्या मुलांनीच काय घोडे मारले आहे?

जिल्ह्यात राज्य आणि विद्यापीठ पातळीवर उडी मारलेले खेळाडू आज नोकरी-शेती करत असतील. त्यांना शोधून रीतसर मानधन द्यावे. विभागीय क्रीडा संकुलात त्यांच्या हाताखाली चांगली गादी आणि वेगवेगळ्या वजनाच्या काठ्या द्याव्यात. काठ्या चार-पाच मीटर लांब असतात, एसटीत मावत नाहीत. स्पर्धेला न्यायच्या गाडीचा खर्चही त्यातच धरावा, नाहीतर पोरं निवड होऊनही घरी बसतात. लोकप्रतिनिधींनी यंदाच्या जिल्हा नियोजनात यासाठी तरतूद करून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर