आंबा बागायतदारांनी ग्राहकांना बोलू द्यावे

संपादक महोदय,

आंब्याला मोहोर दिसू लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बागायतदारांचे व्हॉट्सअ‍ॅप गट जागे होतात. पेटीचा दर, क्यूआर कोड आणि ‘मोजक्याच पेट्या शिल्लक’ हा मजकूर दिवसाआड पडतो आणि पाऊस लागला की सारे गट निपचित होतात. २०२०च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पोहोचवण्याची वेळ आली, तेव्हा दलालाच्या पट्टीपलीकडे (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीपलीकडे) काही न पाहिलेल्या आमच्यापैकी अनेकांना आपला ग्राहक प्रथमच नावानिशी माहीत झाला. ही ओळख आम्ही केवळ दर कळवण्यापुरती वापरतो, याकडे आपल्या दैनिकातून लक्ष वेधू इच्छितो.

बहुतेक गटांत ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सोय लावलेली असते. एकाने तक्रार केली तर उरलेले नोंदणी रद्द करतील, ही त्यामागची भीती. जिथे बोलण्याची मुभा असते तिथेही ती तक्रार येईपर्यंतच टिकते. गेल्या हंगामात आमच्या तालुक्यातील एका गटात ठाण्याच्या ग्राहकाने कापलेल्या हापूसचा फोटो टाकला; कोयीजवळचा गर पांढरट आणि स्पंजासारखा झालेला स्पष्ट दिसत होता. बागायतदाराने फोटो तत्काळ पुसला आणि त्या गृहस्थांना गटातून काढले. त्यांनी तोच फोटो आपल्या सोसायटीच्या गटात टाकला, आणि तिथे खुलासा करायला बागायतदार नव्हता. वास्तविक गराचा हा दोष, म्हणजे साका, बाहेरून ओळखू येत नाही, तो फळ कापल्यावरच दिसतो. फळ झाडावर अधिक तयार झाले किंवा काढल्यावर तापलेल्या जमिनीवर पडून राहिले, तर त्याचे प्रमाण वाढते. म्हणूनच चौदा आणे तयार झालेले (पूर्ण पक्व होण्याच्या थोडे आधीचे) फळ उन्हाच्या आधी काढून लगेच सावलीत नेण्याची रीत आहे. एवढे तिथेच लिहून खराब निघालेल्या फळांची भरपाई जाहीरपणे दिली असती, तर गटातील सर्वांना त्या बागेचा व्यवहार कळला असता.

याउलट ज्या थोड्या गटांत ग्राहकांना मोकळेपणी बोलता येते, तेथील अनुभव निराळा आहे. ‘फळे अजून हिरवी आहेत, फ्रीजमध्ये ठेवू का?’ या प्रश्नाला बागायतदार बागेतून परतण्याआधी डोंबिवलीच्या एका जुन्या ग्राहक बाईंनी उत्तर दिलेले मी पाहिले : ‘मुळीच नको, कच्चे फळ गारठले की नीट पिकत नाही, गवतावर एका थरात पसरून ठेवा.’ विकणाऱ्याने हेच सांगितले असते तर ते सबब वाटले असते. परराज्यातील आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो, ही आमची कायमची तक्रार आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण मानांकनाने ग्राहकाची जी खात्री पटायची ती अशा बाईंच्या दोन ओळींनी अधिक पटते. (काही जण नातेवाइकांकडून ‘अप्रतिम चव’ असे लिहवून घेतात. पुणेकरांना ते कळत नाही, असे समजू नये.)

गट कसा असावा, याचाही विचार व्हायला हवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या गटात सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात. दुसरा विक्रेता ग्राहक म्हणून शिरतो आणि आठवड्याभरात सगळ्यांना त्याचे दरपत्रक जाते. शिवाय तिथले चांगले उत्तर शंभर संदेशांखाली गाडले जाते. दर व नोंदणी व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवून चर्चेसाठी फेसबुकचा खासगी गट किंवा विषयवार प्रश्नोत्तरे राहतील असे संकेतस्थळ वापरणे मला अधिक सोयीचे वाटते.

हंगाम नसतानाचे महिने तर आम्ही फुकट घालवतो. पावसाळ्यात कलमांना कल्टार (मोहोर येण्यासाठी मुळांशी द्यायचे रसायन) घातले की नाही, तुडतुडे आणि थ्रिप्स या किडींवर कोणत्या फवारण्या केल्या, हे ग्राहक विचारतात आणि त्यांना ते सांगितले पाहिजे. थंडी उशिरा पडून मोहोरही उशिरा आला, तर पहिली पेटी एप्रिलअखेर मिळेल हे जानेवारीतच कळवावे. मार्चच्या बोलीवर आगाऊ रक्कम घेऊन मग फोन न उचलण्याचे प्रकार थांबले पाहिजेत.

एकेकट्या बागायतदाराला हे वर्षभर सांभाळणे अवघड आहे, हे मान्य. म्हणून आंबा उत्पादक सहकारी संस्थांनी तालुकावार एक सामाईक मंच चालवावा, त्यावर आलेली तक्रार संबंधित बागायतदाराला पुसता येऊ नये, आणि कीड, साका, पिकवण्याची पद्धत अशा प्रश्नांना दापोलीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांनी तेथे उत्तरे द्यावीत. कृषी विभागाच्या प्रशिक्षणांतही पेटीचे आकर्षक फोटो कसे काढावेत याबरोबर तक्रारीला उत्तर कसे लिहावे, याला एक तास ठेवावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक आंबा बागायतदार
देवगड, जि. सिंधुदुर्ग