कोणत्या टेपवरून, तेही छापा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत किंग क्रिम्सन या इंग्लिश रॉक बँडच्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ या १९६९च्या पहिल्या अल्बमच्या डिलक्स आवृत्तीवर अर्धे पान आले. मराठी वर्तमानपत्रात प्रोग्रेसिव्ह रॉकला अर्धे पान म्हणजे चंगळच. लेखात हाइड पार्कचा कार्यक्रम होता, रोलिंग स्टोन्स होते, मुखपृष्ठावरचा तो आ वासलेला चेहराही होता. आवाजाविषयी मात्र एवढेच, की जुना आवाज आता स्वच्छ झाला आहे. मी मुंबईतल्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रक म्हणून नोकरी केली. आमच्याकडे कुणी ‘आवाज साफ केला’ म्हणून सांगत आला की त्याला पहिला प्रश्न पडायचा: कोणती टेप घेतली होतीस? लेखात तो प्रश्नच नव्हता. या अल्बमची सगळी गंमत आणि सगळा घोळ त्या एका प्रश्नात आहे, म्हणून हे लांबलेले पत्र.

जानेवारी १९६९मध्ये हा बँड लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात सरावाला बसला आणि १० ऑक्टोबरला रेकॉर्ड बाजारात आली. इतक्या कमी वेळात उभा राहिलेला संसार वर्षाअखेर मोडलाही. सॅक्सोफोन आणि मेलोट्रॉन वाजवणारे इयन मॅक्डोनाल्ड आणि ड्रमवाले मायकल जाइल्स अमेरिकेच्या दौऱ्यानंतर बाहेर पडले. आधी मूडी ब्लूज या दुसऱ्या बँडचे निर्माते टोनी क्लार्क यांच्याबरोबर ध्वनिमुद्रणाचा प्रयत्न झाला होता. तो जमला नाही, तेव्हा या मंडळींनी निर्मिती स्वतःच्याच अंगावर घेतली. गिटार वाजवणारे रॉबर्ट फ्रिप तेव्हा तेवीस वर्षांचे, गाणारे आणि बेस वाजवणारे ग्रेग लेक एकवीस. हायबरीतल्या वेसेक्स स्टुडिओत जुलै-ऑगस्टमध्ये आठ ट्रॅकच्या, म्हणजे एकाच टेपवर आठ वेगळे पट्टे भरणाऱ्या, यंत्रावर काम झाले. आणि सगळे मिक्स होऊन, म्हणजे ते पट्टे एकत्र करून स्टीरिओत उतरवून, झाल्यावर लक्षात आले, की ज्या स्टीरिओ यंत्रावर अंतिम मिक्स उतरवले होते, त्याची रेकॉर्डिंग हेड्सच, म्हणजे टेपवर आवाज उमटवणारे भागच, नीट जुळवलेली नव्हती.

हे काय असते ते थोडे सांगतो, कारण आता टेपचे यंत्र पाहिलेली माणसेही कमी उरली. सकाळी स्टुडिओ उघडला की आमचे पहिले काम म्हणजे स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने हेड पुसणे. कापूस तपकिरी निघायचा, तो पांढरा निघेपर्यंत पुसायचे. मग अलाइनमेंटची टेप लावायची. तिच्यावर ठरावीक सूर भरलेले असतात. दहा हजार सायकल्सचा तो कानात घुसणारा सूर चालू करायचा, हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू केसभर फिरवायचा आणि मीटरचा काटा जिथे सर्वांत वर जाईल तिथे थांबायचे. तिथून स्क्रू जरा पुढे गेला की काटा खाली. हेडमधली फट टेपच्या वाटेला काटकोनात असावी लागते. ती तिरकी असली की वरच्या पट्टीतला मजकूर गळायला लागतो: झांजांची धार जाते, गाणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. आणि लबाडी अशी, की हेड तिरके ठेवून भरलेली टेप त्याच तिरक्या हेडवर ऐकली तर सगळे ठाकठीक वाटते. दुसऱ्या, सरळ यंत्रावर लावली की पितळ उघडे पडते.

किंग क्रिम्सनच्या त्या मास्टरमध्ये, म्हणजे अंतिम मिक्सच्या टेपमध्ये, वरचे सूर तर गेलेच, शिवाय नको तिथे आवाज फाटलाही. अमेरिकेत अटलांटिक कंपनीला टेप पाठवायची होती, तेव्हा दोष शक्य तितका सुधारून मास्टरची एक नक्कल केली गेली. हेतू चांगला होता. पण नक्कल ती नक्कल; टेपवरून टेप केली की हिस (टेपची ती ‘स्स्स’ अशी सरसर) वाढतो आणि बारकावे उतरतात. पुढे वर्षानुवर्षे ठिकठिकाणी निघालेल्या रेकॉर्ड्स आणि सीड्या या सुधारलेल्या नकलेच्या नकलांवरून निघत राहिल्या. पहिली मास्टर टेप १९६९मध्येच कुठेतरी ठेवून दिलेली, ती हरवली असेच सगळे धरून चालले होते. ती सापडली आणि तिच्यावरून २००४ची आवृत्ती निघाली. म्हणजे पस्तीस वर्षे बहुतेक जग ज्या रेकॉर्डवर लट्टू होते, ती मूळ टेपपासून किमान एक पायरी खाली होती.

मी पहिल्यांदा ऐकली ती अटलांटिकचीच. माझ्या मित्राचा भाऊ बोटीवर होता, त्याने आणलेली. मी तेव्हा उमेदवारीवर, दिवसभर दुसऱ्यांचे स्पूल उलटे गुंडाळणारा. ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ ऐकून मित्राची आई आतल्या खोलीतून बाहेर आली आणि तुमचा रेडिओ बिघडलाय का म्हणाली. तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, असे मला धंद्यात मुरल्यावर वाटायला लागले.

कारण त्या गाण्यात लेक यांचा आवाज मुद्दाम फाडलेला आहे. सॅक्सोफोन आणि गिटार एकमेकांच्या अंगावर चढून येतात, तेही ठरवून. आता याच गाण्यावर हेडच्या तिरकेपणाने झालेली फाटाफूटही आहे, आणि ती या गाण्यात जास्तच जाणवते. म्हणजे एकाच सुरावटीत एक खरखर कलावंताची आणि एक यंत्राची. नकलेवरून काम करणाऱ्याने यातली कुठली पुसायची? कानाला दोन्ही सारख्याच लागतात. त्याच्या संगणकाला तर काहीच कळत नाही. त्याला खरखर दिसली की ती खरखर. हा गुंता सुटतो तो फक्त मागे, आणखी मागच्या टेपकडे गेल्यावर. मिक्स होण्याआधीच्या आठ ट्रॅकच्या स्पूलवर गाण्याचा आवाज वेगळा, ड्रम वेगळे, बेस वेगळा. जे तिथेही फाटलेले आहे ते मुद्दाम फाडलेले, आणि जे तिथे ठणठणीत आहे ते पुढे बिघडले.

म्हणून २००९ साली चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीसाठी पॉर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सन यांनी फ्रिप यांच्याबरोबर जे केले, त्याला रीमास्टर म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. रीमास्टर करणारा तयार मिक्सच्या टेपला हात लावतो; तिची उंच-सखल पातळी, तिचा रंग पाहतो. विल्सन त्या टेपपाशीच थांबले नाहीत, ते मागे आठ ट्रॅकच्या टेपांपाशी गेले आणि सगळे नव्याने मिक्स केले, स्टीरिओत आणि ५.१ सराउंडमध्ये, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी. आपल्या लेखात ही दोन्ही कामे एकाच वाक्यात कालवली गेली आहेत. वाचकाला यातले कोणते विकत मिळणार आहे, हे त्याला कळायला नको?

नव्या मिक्समध्ये जाइल्स यांचे ड्रम जसे ऐकू येतात तसे मी आधी कधीच ऐकले नव्हते. बारीक, चटपटीत काम आहे, आणि जुन्या रेकॉर्डवर ते अक्षरशः गाडले गेले होते. ‘एपिटाफ’मधल्या मेलोट्रॉनबद्दलही थोडे लिहायला हवे. हे वाद्य दिसायला ऑर्गन, पण प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर खऱ्या व्हायोलिनवाल्यांचा एक सूर भरलेला. पट्टी दाबली की तुकडा हेडवरून सरकायला लागतो आणि साधारण आठ सेकंदांत संपतो. बोट उचलले की स्प्रिंगने परत मागे. त्यामुळे त्या सुराला स्वतःचा हिस असतो आणि किंचित थरथरही असते. त्या गाण्यातला तो मळभासारखा भार बराचसा या थरथरीतून आला आहे, असे माझे मत. टेपवर भरलेली ही टेपच आहे. सगळा हिस वाईट समजून पुसायला निघालेला माणूस इथे वाद्यच पुसून बसेल. विल्सन यांनी ते केले नाही, हे त्यांच्या कानाचे मोठेपण.

पण त्याच २००९च्या मिक्समध्ये ‘मूनचाइल्ड’ कापले. मूळ रेकॉर्डवर ते बारा मिनिटांच्या थोडे वर आहे. गाणे लवकर आटोपते आणि मग गिटार, व्हायब्राफोन आणि झांजा यांची दबक्या आवाजातली, ठरवून न केलेली गप्पाटप्पा सुरू होते. फ्रिप मध्येच एका जुन्या अमेरिकन संगीत नाटकातल्या गाण्याची ओळ वाजवून जातात. कान टवकारलेले नसतील तर निसटते. हा भाग कंटाळवाणा आहे अशी तक्रार पहिल्यापासून होत आली आहे. मीही या जागी उठून चहा टाकलेला आहे. तरी नवीन मिक्समध्ये ते नऊ मिनिटांवर आणले गेले, हे मला रुचले नाही. टेप कापायला माझी हरकत नाही. ब्लेड आणि स्प्लायसिंग ब्लॉक (टेप कापून जोडायची पट्टी) यांवरच माझे घर चालले. पण चाळीस वर्षांनी, श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेल्या शांततेत कात्री घालायची, तर ती मुख्य अल्बममध्ये नव्हे. त्या मंडळींनी पूर्ण ‘मूनचाइल्ड’ त्याच सीडीवर जोड म्हणून दिले, म्हणजे लपवाछपवी केली नाही, हे कबूल. माझ्या मते उलटे करायला हवे होते: पूर्ण ते जागेवर आणि कापलेले ते शेवटी.

पुढे २०२०मध्ये १९६९ या एका वर्षातले सगळे सापडेल तेवढे ध्वनिमुद्रण एका पेटीत आले. २६ डिस्क. हौशी माणसाला ती परवडो न परवडो, मला त्या पेटीचे कौतुक आहे, कारण तिच्यात घोटाळे झाकलेले नाहीत. टेक फसलेले आहेत, मध्येच थांबलेले आहेत. स्टुडिओत काम केलेल्या माणसाला यातून जे कळते ते शंभर लेखांतून कळणार नाही. ज्याला फक्त गाणी ऐकायची आहेत त्याने मात्र या पेटीच्या वाटेला जाऊ नये. त्याला मूळ मिक्सची एक प्रत पुरे.

एक बाजूचा मुद्दा. मुखपृष्ठाचे चित्र काढणारा बॅरी गॉडबर संगणकाचा प्रोग्रामर होता. १९७०च्या फेब्रुवारीत तो चोवीसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. अल्बमसाठी काढलेले त्याचे हे एकच चित्र. मूळ चित्र पुढे फ्रिप यांनी स्वतःकडे आणून ठेवले, कारण ते कचेरीत प्रखर उजेडात टांगलेले होते. लेखात त्याचे नावही नव्हते. चेहरा छापला होता, तोही पाव पान.

आता मुद्द्याची गोष्ट. आजचा मुलगा ही पेटी घेणार नाही, तो फोनवर ऐकणार. किंग क्रिम्सनचा सगळा संच २०१९पासून स्ट्रीमिंगवर आहे. माझ्या भाच्याने परवा अॅपवर हा अल्बम शोधला तर एकाच मुखपृष्ठाखाली तीन-चार नोंदी. एकीपुढे रीमास्टर, एकीपुढे आवृत्तीचे वर्ष, एकीपुढे काहीच नाही. मिक्स कोणाचे, टेप कोणती, काय कापले आहे, यातले एक अक्षर नाही. तो जे ऐकणार तेच पुढे त्याच्यासाठी मूळ ठरणार. आपल्याकडे तर याहून अंधार. माझ्या कपाटात मराठी भावगीतांच्या ‘डिजिटली रीमास्टर्ड’ सीड्या आहेत. आवाज कुठून घेतला, मास्टर टेपवरून की कुणाच्या घरच्या घासलेल्या तबकडीवरून, हे एकीवरही छापलेले नाही. किंग क्रिम्सनवाल्यांनी निदान आपल्या टेपची कुंडली चारचौघांत मांडली.

माझी विनंती एवढीच. यापुढे पुरवणीत अशा आवृत्तीवर लिहून घ्याल तेव्हा लेखकाकडून चौकटीत तीन ओळी मागून घ्या: आवाज कोणत्या टेपवरून घेतला, मिक्स जुने की नवे आणि कोणाचे, आणि मूळच्या मानाने काय गाळले वा वाढवले. ही माहिती नसेल तर ‘माहिती नाही’ असे छापा; तेही वाचकाला उपयोगी पडेल. या अल्बमपुरती एक सोपी खूण मीच देऊन ठेवतो. ऐकायला घेण्याआधी ‘मूनचाइल्ड’ची लांबी बघा. बाराच्या वर मिनिटे असतील तर पूर्ण आहे, नवाच्या आसपास असेल तर कापलेले.

आपला,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई