बार्शी लाइटच्या आठवणी रद्दीत जाऊ देऊ नका : समस्त बार्शीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे, म्हणून घाईने लिहीत आहे. माळ्यावरची ट्रंक, जुना कंदील, आजोबांच्या रेल्वेतल्या नोकरीचे कागद, यातलं काहीही भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी एकदा बार्शी लाइटच्या, म्हणजे आपल्या जुन्या छोट्या रेल्वेच्या, आठवणी जमवणाऱ्या समितीला दाखवा.

१८९७ साली कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडहून, अडीच फुटी रुळांवरून गाडी आपल्या बार्शी टाउनला आली. त्याआधी इथला कापूस जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) लाइनपर्यंत बैलगाड्यांनी जायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा जीआयपीच्या नोकरीत इकडे आलेला इंजिनिअर. त्याने ही छोटी लाइन मनावर घेतली, १८९५ मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली आणि काम तडीस गेलं. आपल्या गाडीच्या चालीला हसणारे आजही भेटतात. त्यांना जरूर सांगा, की मीटरला जेमतेम पंधरा किलोचा रूळ आणि कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, हे गणित जमवलं म्हणून कमी खर्चात रेल्वे आपल्या दारात आली. बार्शीचा हा अनुभव घेऊन कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे केली. बार्शीकडून इंग्लंडने शिकावं, ही काय लहान गोष्ट आहे?

लाइन १९०६ ला पंढरपूर, १९११ ला निजामाच्या मुलखातून लातूर आणि १९२७ ला मिरजेला पोचली. सव्वातीनशे किलोमीटर! आषाढी-कार्तिकीला मालडब्यांतूनही वारकरी जायचे. १९५४ ला कंपनी सरकारने घेतली, २००८ ला आपल्याकडे ब्रॉडगेज आली. ब्रॉडगेज हवीच होती, त्यासाठी गावाने वाट पाहिली. पण जुनी लाइन गेली तेव्हा तिचं काय जपून ठेवायचं, हे कुणी ठरवलंच नाही.

आजवर जे जमलं, ते मोजक्या घरांच्या मोठ्या मनामुळे. निवृत्त गार्डकाकांनी आपला हातकंदील दिला. त्यांच्या सूनबाईंनी तो चिंचेने घासून असा लखलखीत करून आणला, की मूठ फिरवली की लाल-हिरवी काच अजून सरकते. तिकीटबाबूंच्या पत्नींनी बिस्किटाच्या डब्यात जपलेली पुठ्ठ्याची तिकिटं हवाली केली. त्यांवर तारखेचा ठसा इतका खोल आहे, की नुसतं बोट फिरवूनही लागतो. भुसार पेठेतल्या अडत्यांनी पहिलं कपाट दिलं आणि त्यावर नावाची पाटी लावू दिली नाही. कुर्डुवाडी वर्कशॉपमधले फिटरमामा ऐंशी ओलांडलेले, दम लागत असतानाही इंजिनाचा एकेक भाग समजावून सांगत बसले. या सर्वांचं ऋण समिती कधीही विसरणार नाही.

मनातलं एक सांगतो. गेल्या खेपेच्या आवाहनाला फारसं कुणी विचारलं नाही, ते लागलं. चौकात बार्शी लाइटच्या आठवणी सांगायला सगळे पुढे, सभेला मात्र खुर्च्या रिकाम्या. एका घरी मालपावत्यांची बाडं आहेत असं कळलं, आम्ही पोचेपर्यंत ती रद्दीत गेली होती. ज्यांनी ही गाडी चालवली ती माणसं आता थकली आहेत. ती गेल्यावर विचारायचं कुणाला?

तपशील : फोटो, तिकिटं, पास, गणवेशाचे बिल्ले, नोकरीची पत्रं, पावत्या चालतील, फोटो व कागद स्कॅन करून परत देऊ, वस्तू देणगी म्हणून किंवा ठेव म्हणून, दोन्ही प्रकारे घेऊ, पोच मिळेल. रेल्वेच्या हद्दीतलं सामान कृपया उचलून आणू नये. निधी हवा आहे तो काचेची दोन कपाटं, स्कॅनिंग आणि ध्वनिमुद्रण यांसाठी. यथाशक्ती द्यावा, धनादेश समितीच्या नावे, रोख दिल्यास पावती मागून घ्यावी. वेळ : दर रविवारी सकाळी १० ते १२, समितीची खोली. घरी जुने रेल्वे कर्मचारी असतील तर नुसता निरोप द्या, आम्ही येऊ. तरुणांनी मोबाइल घेऊन यावं, मुलाखती लिहून काढायला हात कमी पडत आहेत. हे सगळं वसुबारसेच्या आत.

आपला नम्र,
चिटणीस
(समितीच्या वतीने)