एजंट झालो रे, रीतसर!

नाशिक, 9 नोव्हेंबर

प्रिय संज्या,
सप्रेम नमस्कार.

"दलालाला कसली आलीय परीक्षा?" म्हणून फोनवर खो खो हसलास, म्हणून हे सविस्तर लिहितोय. महारेराकडे, म्हणजे बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, घर-जमिनीचा एजंट म्हणून माझी नोंदणी झाली. ए516नं सुरू होणारा नंबर व्हिजिटिंग कार्डावर आलाय. आमची ही म्हणते, दारावरच्या पाटीवरही टाका.

महारेरा 2017 पासून आहे. आधी फॉर्म भरायचा, दहा हजार फी भरायची, की झाला एजंट. जानेवारी 2023च्या आदेशानं ते संपलं. आता वीस तासांचं प्रशिक्षण, त्यावर आयबीपीएसची (बँकभरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) परीक्षा, तिचं प्रमाणपत्र हातात आलं की मगच अर्ज. नोंदणी पाच वर्षांची. जुन्या एजंटांनाही सूट नाही. त्यामुळे वर्गात माझ्या शेजारी कोण, तर साठी उलटलेले एक काका. खिशात चुरगळलेली डायरी, तिच्यात अर्ध्या इंदिरानगरचे भाव पेन्सिलीनं टिपलेले. कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापराची जागा, शिकवायला घेतला : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या सोडायच्या, बाल्कनी सोडायची. काकांनी हात वर केला. "सर, मग जिना-लिफ्टचा वाटा धरून मोजतो त्या सुपर बिल्टअपचं काय?" सर म्हणाले, "विसरा." काकांनी खोडरबर मागून घेतला आणि तिथेच डायरी पुसायला बसले. बाकी परीक्षेचं म्हणशील तर अवघड काही नाही, मराठीतूनही देता येते. वाचून गेलास तर पास होशील.

खरी परीक्षा नंबर मिळाल्यावर सुरू झाली. ओळखीच्या एका बिल्डरनं चहाला बोलावलं. टेबलावर गुळगुळीत ब्रोशर. म्हणाला, "प्री-लाँच आहे, रेरा नंबर महिन्याभरात येतोय. तोवर गिऱ्हाइकांचे चेक घेऊन ठेवा, तुम्हाला तीन टक्के." तीन टक्के, संज्या! एरवी दोनसाठी घासाघीस करतो हा माणूस. पण प्रकल्पाची नोंदणी होण्याआधी जाहिरातही करता येत नाही, बुकिंग तर लांबच. एजंटानं कायदा मोडला तर रोजचे दहा हजार दंड, तो वाढत वाढत किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जातो. तीन कमवायचे आणि पाच भरायचे, हा कुठला धंदा? मी चहा संपवला आणि उठलो. पूर्वी हेच नाकारलं असतं तर "फार शहाणा झालास" ऐकावं लागलं असतं. आता म्हणता येतं, "साहेब, माझा नंबर जाईल." नोंदणीचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच. गिऱ्हाईक अजून कुणी नंबर विचारून आलेलं नाही, खोटं कशाला सांगू.

आणि गंमत बघ, रीसेल आणि भाड्याच्या व्यवहाराला ही नोंदणी लागतच नाही. बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकायचा असेल तरच लागते. म्हणजे चौकातला आमचा पानवाला भाड्याच्या खोल्या दाखवून मजेत आहे, त्याला कोण विचारतं? माझी दालरोटीही अजून रीसेलवरच चालते. त्यामुळे तू व्हीआरएस घेऊन यात उडी मारायचं म्हणतोस, त्याला माझा पाठिंबा आहे, पण पहिलं वर्षभर घरखर्च बाजूला काढून ठेव. कमिशन ठरतं पटकन, हातात यायला रडवतं.

आता तुझ्या मेहुण्यानं सुचवलेल्या घोटीजवळच्या प्लॉटबद्दल. समृद्धी झाल्यापासून त्या बाजूला गुंठ्या-गुंठ्यानं विकणाऱ्यांचे बोर्ड फार लागलेत. जमीन एन.ए. म्हणजे बिगरशेती झालीय का, लेआउट मंजूर आहे का, एवढं विचार. जमीन पाचशे चौरस मीटरच्या वर असेल तर प्लॉटिंगलाही रेरा नंबर लागतो, तोही माग. सातबारावर तुझं नाव दहा जणांबरोबर सामायिक लावून देतो म्हणाला, तर सरळ फोन ठेव. मेहुणा रुसला तर रुसू दे. टोकन देऊ नकोस, आधी सातबाऱ्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर टाक. रविवारी मोकळा आहे, बसून बघतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिल्या