उपकेंद्रातल्या अक्कांना, सगळ्यांसमोर

अक्का, थिसिस सबमिट झाला. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं झालं ग, आता जरा झोप काढ" म्हणालात आणि विषय संपवलात. आभार मानायला लागलं की तुम्ही फोनच ठेवता, म्हणून आता इथं सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालू नको म्हणालात, नाही घालत. खानापूर तालुक्यातल्या ज्या बायकांची बाळंतपणं तुमच्या हातून झालीत त्यांना कळेलच कोणाबद्दल चाललंय ते.

बाकीच्यांसाठी आधी विषय सांगते. मी अर्थशास्त्राची, पण काम बाळंतपणातल्या रक्तस्रावावर केलं. बाळ झाल्यावर पिशवी आवळली नाही की अंगावरनं जातच राहतं, आणि दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीकडं मिनिटाला अर्धा लीटर तरी रक्त वाहत असतं, म्हणजे गाडी शोधेपर्यंतच सगळं हातचं जातं. हे रोखायला कुठलं औषध, कुठलं साधन आपल्यासारख्या डोंगराळ पावसाळी भागात टिकतं, त्याला किती पैसा लागतो आणि तो पैसा शेवटी कोणाच्या खिशातनं जातो, एवढंच बघायचं होतं. यात डॉक्टरी आहे, इंजिनिअरिंग आहे आणि हिशेबही आहे, त्यामुळं ज्याच्याकडं जावं तो म्हणायचा हे आमच्यात बसत नाही, त्या अमक्या डिपार्टमेंटला विचार. तुम्ही एकट्या अशा होता की पहिल्याच भेटीत म्हणालात, "बस, चहा घे, आणि कुठनं सुरू करायचं ते सांग."

२०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता की जगात दरवर्षी साधारण १ कोटी ४० लाख बायकांना हा त्रास होतो आणि ७० हजारांच्या आसपास त्यात जातात. आणि यावरचं एक मोठं उत्तर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमधनं निघालंय! २००२ च्या सप्टेंबरपासून २००५ च्या डिसेंबरपर्यंत इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांना सोबत घेऊन १६२० बायकांवर अभ्यास केला. निम्म्यांना बाळ झाल्याझाल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, ६०० मायक्रोग्रॅम, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. अर्धा लीटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलेल्या बायका औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत शंभरात १२, मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांत ६.४. म्हणजे १८ जणींना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो. २००६ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. बेळगाव म्हटलं की लोक कुंदा सांगतात, सीमाप्रश्न सांगतात, पण हे कोणी सांगत नाही, माझ्या वर्गातल्या बेळगावच्याच पोरांना माहीत नव्हतं आणि मला ते मनापासून लागतं.

त्या पेपरात एक वाक्य आहे, २५ एएनएमनी, म्हणजे तुमच्यासारख्या सिस्टरनी, बाळंतपणं केली, औषध दिलं आणि रक्त मोजलं. बस्स, एवढंच. ते वाचून मी तुमच्याकडं आले होते. "त्या २५ मधली मी नव्हे" हे तुम्ही आधी स्पष्ट सांगितलंत, पण त्या वर्षांत सिस्टर लोकांचं काम कसं चालायचं ते तुमच्याइतकं कोणी मला सांगितलं नसतं. रात्री दोनला कोणीतरी दारात, हातात बॅटरी, बाहेर धो धो पाऊस, घरात उजेड चिमणीचा, एका बाजूला बाळ पुसायचं, वार पडली का बघायची, बाईचा हात धरायचा, आणि याच सगळ्यात वेळ लिहायची. मोजमाप म्हणून कागदावर जो आकडा येतो तो अशा ठिकाणी जन्माला येतो हे मला कोणत्याच पुस्तकानं शिकवलं नाही.

आणि तो लुगड्याचा दिवस. आशा वर्करांची मीटिंग संपल्यावर तुम्ही सगळ्यांना थांबवून घेतलंत, तांब्यात पाणी घेतलंत, त्यात कुंकू कालवलंत आणि जुन्या लुगड्याच्या घडीवर ओतलंत. किती असेल सांगा. कोणी म्हणालं पाव लीटर, कोणी त्याहून थोडं जास्त, एकजण तर कपभर म्हणाली. तुम्ही अर्धा लीटर मोजून घेतलं होतं. मग तेवढंच पाणी त्या प्लास्टिकच्या खोळीत ओतलंत, बाईच्या खाली अंथरतात ती, जिचं खालचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं असतं आणि त्यावर रेघा असतात, आणि पाणी बरोबर ५०० च्या रेघेवर जाऊन थांबलं. सगळ्या गप्प झाल्या. तीस वर्षं बाळंतपणं बघितलेल्या मावशीसुद्धा "आगं आई" म्हणाल्या.

ती खोळ पण त्याच बेळगावच्या अभ्यासातली. सात जणांनी मिळून तयार केली, त्यांच्या नावांची आद्याक्षरं जोडून ब्रास-व्ही असं नाव ठेवलं. इथंच केलेल्या तुलनेत डोळ्यानं लावलेला अंदाज खोळीतल्या मापापेक्षा ३३ टक्के कमी निघाला होता. हा ३३ चा आकडा मी त्याआधी कितीदा लिहिला असेन, पण त्याचा अर्थ कुंकवाच्या पाण्यानं कळला. माप कमी म्हणजे धोका कमी वाटतो, धोका कमी वाटला की गाडी उशिरा निघते. पुढं २०२३ ला केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर एक अभ्यास झाला, रेघांची खोळ वापरून मोजायचं आणि ठराविक रेषा ओलांडली की सगळे उपचार एकदमच सुरू करायचे. जिथं नेहमीची पद्धत चालू ठेवली तिथं गंभीर प्रकार ४.३ टक्के निघाले, जिथं ही नवी पद्धत वापरली तिथं १.६. त्यात यंत्र म्हणाल तर काही नाही, प्लास्टिक आणि रेघा. इंजिनिअरिंग म्हणजे मोठमोठी मशिनं असं समजणाऱ्यांना मी हल्ली ही खोळच दाखवते.

फ्रिजचं पण तुम्हीच शिकवलंत. माझ्या कागदावर ऑक्सिटोसिन, पिशवी आवळायचं इंजेक्शन, सगळ्यात वर होतं, कारण स्वस्त आहे आणि चांगलं आहे, जगभर पहिली पसंती त्यालाच. तुम्ही म्हणालात होय की, चांगलंच आहे, पण ते २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे, आणि मला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रातला बर्फाच्या अस्तराचा फ्रिज दाखवलात, लाईट गेली तरी गारवा धरून ठेवतो तो, मग म्हणालात आता कणकुंबीकडं, जांबोटीकडं पाऊस लागल्यावर चार चार दिवस लाईट नसते तिथल्या उपकेंद्राचा विचार कर, जिथं फ्रिजच नाही. तिथं गोळी बरी. पण गोळीला पण एक वैरी आहे, ओल. पाकीट फाटलं, एक गोळी काढून बाकीची तशीच ठेवली की आपल्याकडच्या दमट हवेत तिचा गुण उतरतो. म्हणून दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचं पाकीट महत्त्वाचं. औषधाच्या किमतीच्या तक्त्यात मी "साठवण" नावाचा वेगळा रकाना घातला तो त्या दिवशी घरी आल्या आल्या, आणि माझ्या गाईडना अख्ख्या थिसिसमध्ये तोच सगळ्यात आवडला. कार्बेटोसिन या तशाच दुसऱ्या इंजेक्शनची उष्णतेत टिकणारी जात आली, २०१८ ला दहा देशांतल्या २९ हजारांहून जास्त बायकांवर तपासली, त्यात आपला देशही होता, ती पण मी त्याच रकान्यात बसवली.

पण अक्का, तुमचं सगळ्यात मोठं देणं मी पैशाच्या प्रश्नाचं मानते. मला मिळालेल्या फॉर्मवर एक ओळ होती, बाळंतपणावर कुटुंबाचा एकूण खर्च किती झाला. तुम्ही ती वाचली आणि विचारलंत, "कुठल्या कुटुंबाचा?" पहिलं बाळंतपण माहेरी. गाडी बापानं केली, रक्ताच्या बाटलीला भावानं धावपळ केली, आईनं पाटली गहाण ठेवली, आणि आपण फॉर्म घेऊन जाणार सासरी, तिथं सासूबाई मनापासून सांगणार की काय खास खर्च नाही झाला. खोटं कोणीच बोलत नाही आणि अर्धा खर्च कागदावर येतच नाही!

त्यात आपण सीमेवरचे. खानापूरच्या, बेळगावच्या कितीतरी सुना चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याच्या. सातवा महिना लागला की माहेरी, म्हणजे महाराष्ट्रात. इथलं तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी कार्ड, वेगळं, तिथलं कार्ड वेगळं, इथल्या रजिस्टरात "माहेरी गेली" एवढा शेरा, तोही कन्नडमध्ये घाईघाईत लिहिलेला, आणि पुढचं काय झालं ते दुसऱ्या राज्याच्या रजिस्टरात. जिल्ह्याची हद्द धरून मोजणाऱ्याला या बायका दिसतच नाहीत. मी मराठी शाळेत शिकलेली, छापलेलं कन्नड वाचते पण रजिस्टरातलं हाताचं अक्षर मला लागत नव्हतं, तुम्ही चष्मा लावून शेजारी बसून ओळ न ओळ वाचून दाखवलीत, ड्युटी संपल्यावर, घरी स्वैपाक पडलेला असताना. मग पलीकडच्या सिस्टरांना फोन लावलात, "आमची पोरगी येतीया, तिला माहेरची घरं दाखवा" म्हणून. राज्य दोन असली तरी सिस्टर लोकांचं नातं एक आहे, हे मी तेव्हा बघितलं.

आणि विचारायची पद्धत. "खर्च किती" असं विचारायचं नाही. गाडीला किती दिलं, रात्री सोबत कोण होतं आणि त्याची हजेरी बुडली का, रक्त कुठनं आणलं, पैसे कोणाकडनं घेतले, संघातनं की सावकाराकडनं, फिटले का. एवढं विचारलं की बाई स्वतःच बोटं मोजत सांगायला लागते. एका घरी बाळंतिणीच्या वडिलांनी आत जाऊन बँकेची गहाणाची पावती आणून माझ्यासमोर ठेवली, चौकोनी घडी घातलेली, घडीवर फाटत आलेली. बाळ तेव्हा चालायला लागलं होतं, पाटली अजून बँकेत. माझ्या थिसिसमधल्या तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात त्या पावतीपासून आहे, त्यांची परवानगी घेऊन.

शास्त्रात नाव संशोधकांचं होतं, होऊ दे, त्यांनी पण कष्ट घेतलेत आणि बेळगावच्या त्या डॉक्टरांबद्दल मला खूप आदर आहे. पण कुठलाही पेपर वाचताना "आरोग्य सेविकांनी माहिती गोळा केली" असं वाक्य आलं की मी आता तिथं थांबते आणि तुमची आठवण काढते.

आता कामाचं. थिसिसची कॉपी कुरिअरनं पाठवलीय, इंग्रजीत आहे पण सोबत मराठीत बारा पानांचा सारांश जोडलाय, आशा मीटिंगमध्ये वाचता येईल असा. कन्नडमध्ये करायला मैत्रीण बसलीय, झालं की तो पण येईल. तुम्ही लाल पेन घेऊन वाचा, जिथं पटत नाही तिथं खूण करा, विशेषतः माहेरच्या खर्चाचा तक्ता, कारण तोच पुढं पेपर म्हणून पाठवायचाय. खोळीचे फोटो कोऱ्या पाकिटात वेगळे ठेवलेत, ट्रेनिंगला लागतील. आणि नवीन आलेल्या सिस्टरना कन्नड रजिस्टरातले शेरे एका साच्यात लिहायला सांगायचं तुमच्या मनात होतं ना, "माहेरी गेली" च्या पुढं गाव, तालुका आणि फोन नंबर, त्याचा नमुना मी टाईप करून घातलाय. तालुक्याच्या मीटिंगला तो तुम्हीच मांडा, मी मागं बसून ऐकते.